आतल्या गाठी

तो रंगाच्या कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होता आणि त्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नसे. हे फुटलं तर नोकरी जाईल, म्हणून बायको त्याच्या कपड्यांना आतून दोऱ्याच्या गाठी मारून ठेवायची. दोन गाठींच्या शर्टाखाली दोन गाठींची पँट, तीनखाली तीन. "नुसतं चाचपायचं आणि चढवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही!" ती बजावायची. सहा वर्षांत कुणाला शंकासुद्धा आली नाही.

आज मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून पाठीवर थाप मारली.

"काय झोकात राहता हो तुम्ही! असली नजर काट्यावर वाया घालवायची? उद्यापासून रंग पास-नापास तुम्हीच करायचे, वर कळवूनही टाकलंय मी."