किटलीची मूठ

पेगीने किटली टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली आणि तिची मूठ खिडकीकडे वळवली. खिडकीकडे कुणीच बसलं नव्हतं. मग ती आपल्या चहाच्या दुकानाच्या काउंटरमागे जाऊन कप पुसू लागली. पुसलेलेच कप.

एरवी पेगी असं करत नाही. आमच्याकडे कॉर्नवॉलात टेबलावर आई असली, की चहा आईनेच ओतायचा. दुसऱ्या कुणी किटलीला हात लावत नाही. पेगीलाही ते पाठ आहे. मूठ आईच्या हाताशी येईल अशी किटली ठेवायची आणि निघून जायचं. पण आज त्या टेबलावर आया होत्या दोन. आता बोला!

एक हिल्डा पॅस्को. तिने लोवेनाला दत्तक घेऊन लहानाचं मोठं केलं. दुसरी मॉरीन, नदीपलीकडच्या डेव्हन परगण्यातली. तिने लोवेनाला जन्म दिला होता, तेव्हा ती स्वतःच शाळेत जाणारी पोर होती. घरच्यांनी बाळ ठेवू दिलं नाही. आणि दोघींच्या मध्ये लोवेना, सातवा महिना लागलेली, अंगठ्याचं नख कुरतडत बसलेली.

मॉरीनला शोधून काढलं ते लोवेनानेच. आज पहिली भेट. "आई, तू पण चल ना गं," म्हणाली, म्हणून हिल्डा आली. आली खरी, पण येतानाच तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या बाईने किटली उचलली, तर आपण कोट घालायचा आणि सरळ घरची वाट धरायची. बाळाची आजी कोण, ते मग त्यांचं त्यांनी बघावं.

"हवा बरी आहे आज," मॉरीन म्हणाली.

"संध्याकाळी येईल पाऊस," हिल्डा म्हणाली.

झालं. किटलीला कुणी हात लावेना. किटलीवर लोकरीची टोपी होती, आत चहा मुरत होता. शेजारच्या टेबलावर म्हातारा जॅगो केक खायचा विसरून कान टवकारून बसला होता. मेल्याला तेवढंच काम.

लोवेनाला ते सहन होईना. तिने हात पुढे केला. "मीच ओतते बाई."

"तू गप बस!" हिल्डा म्हणाली. इतक्या जोरात, की पेगीच्या हातातला कप निसटता निसटता राहिला. लोवेनाने हात मागे घेतला आणि पोटावर ठेवला.

मॉरीनने काहीतरी करायचं म्हणून एक स्कोन, म्हणजे छोटा गोडसर पाव, उचलला, मधोमध फोडला. त्यावर आधी जाड साय थापली आणि वरून जॅम घातला. आमच्या कॉर्नवॉलात आधी जॅम, वर साय. डेव्हनची माणसं उलटं करतात, आणि त्यावरून आम्ही त्यांना सोडत नाही. पण हिल्डा बघत होती ती लोवेनाच्या बशीकडे. तिथेही साय खाली, जॅम वर. ही पोर याच गावात वाढली, तरी लहानपणापासून हाच हट्ट. "डेव्हनची आहेस का गं?" म्हणून हिल्डाने तिला किती वेळा रागे भरलं होतं. तेव्हा तिची जन्मदाती कुठली, हे हिल्डाला तरी कुठे माहीत होतं!

मॉरीन आणि लोवेना, दोघींनी घास घेतला. दोघींनी अंगठ्याला लागलेला जॅम चाटला. एकदम. एवढं सगळं रक्तातच असेल, तर आपण इतकी वर्षं केलं तरी काय? ताप आला म्हणून रात्री जागलो, शाळेच्या फाटकाशी उभे राहिलो, ते सगळं कुणासाठी?

मॉरीनने हात पुसले आणि किटलीकडे नेले.

हिल्डाने खुर्चीच्या पाठीवरचा कोट ओढून घेतला.

मॉरीनने किटली उचलली नाही. वरची लोकरीची टोपी काढली, दोन्ही तळवे किटलीच्या पोटाला लावले, चटका बसला असणार, आणि ती हळूहळू फिरवली. मूठ खिडकीकडून निघाली, मॉरीनसमोरून गेली आणि हिल्डाच्या पुढ्यात येऊन थांबली.

"तुम्ही ओता," मॉरीन म्हणाली. "तिला चहा कसा लागतो, तेसुद्धा मला ठाऊक नाही हो."

हिल्डाचा कोट तसाच मांडीवर.

"अगं हिल्डा, एव्हाना काढा झाला असेल त्याचा!" पेगी काउंटरमागून ओरडली. "दुसरा आणू का?"

"नको. हिला असाच लागतो."

हिल्डाने मूठ धरली. एक थेंब सांडला नाही. लोवेनाच्या कपात डांबरासारखा काळा चहा पडला. त्यात दुधाचा नुसता थेंब आणि तीन चमचे साखर. सगळं गाव लोवेनाच्या या चहाची टिंगल करतं. त्याने कुंपण रंगवता येईल, असं जॅगो म्हणतो.

मग हिल्डाने मॉरीनचा कप पुढे ओढला. तिला काही विचारलं नाही. काळा चहा, दुधाचा थेंब, साखर एक चमचा, दोन, तीन. ढवळून कप तिच्यासमोर ठेवला.

मॉरीनने घोट घेतला. कप ओठांशीच राहिला आणि डोळे भरून आले.

"तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं?" हिल्डाने कोट पुन्हा खुर्चीवर टाकला. "हिला कप धरता यायला लागला, तेव्हापासून तुमचाच चहा तर करतेय मी."