मूठभर लाल भात

काटा पुन्हा पुढेच सरकला. मागच्या सोमवारपेक्षा दीड किलो जास्त.

वर्गात कोणी हसलं नाही. आहारशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला हा नेमच होता. प्रत्येकाने स्वतःसाठी आहार आखायचा, तो पाळायचा आणि दर सोमवारी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं.

"आखणी चांगली आहे तुझी," सुबाग्यो सर हळू आवाजात म्हणाले. "पण कागदावरचं जेवण वेगळं आणि पोटातलं वेगळं, असं दिसतंय."

"सर, खरंच तेवढंच खाते मी."

"लारास, उपाशी राहून वजन वाढलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही."

"वारा खाऊन फुगत असेल," मागून कोणीतरी पुटपुटलं. आता मात्र सगळे हसले.

लारास खरंच तेवढंच खायची. सकाळी सातच्या तासाआधी एक उकडलेलं अंडं. दुपारी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून मूठभर लाल भात आणि उकडलेला पालक. संध्याकाळी दोन घरी शिकवण्या, आणि मग अहवाल लिहितालिहिताच डोळा लागायचा. झोपही अशी की उशाशी ढोल बडवला तरी कळू नये. तरी सकाळी अंग मोडून आलेलं असायचं, रात्रभर कुणी राबवून घेतल्यासारखं.

तिच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि ते तिच्याच खोलीत राहायचं. युब्लिना, म्हणजे लिना. दूरच्या सुंबा बेटावरून मलांग शहरात शिकायला आलेली, काटकुळी, कमी बोलणारी. घरमालकीण बू हार्ती, म्हणजे हार्तीबाई, मुलींना खोल्या भाड्याने देत. त्या घरात या दोघींशी कोणी फारसं बोलत नसे. एक जाडी, दुसरी परकी.

"तू खोटं बोलत नाहीस," लिना म्हणायची. "मला ठाऊक आहे."

लारासला तेवढं वाक्य आठवडाभर पुरायचं. लिनाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, दिवसा ती बसल्याजागी पेंगायची. फार अभ्यास करते बिचारी, असं लारासला वाटे. आणि सकाळी जाग आली की लारासचं पांघरूण पायांखाली नीट खोचलेलं असायचं. आई गेल्यापासून असं कोणी केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बू हार्तींनी सगळ्या मुलींना स्वयंपाकघरात उभं केलं. सगळ्यांच्या सामाईक फ्रिजचं दार उघडंच होतं.

"महिना झाला हे चाललंय. आधी अंडी, मग तेम्पेच्या सोयाबीन वड्या, आणि काल दिताचं रेंदांग. डबाच्या डबा साफ!"

"आईने पाडांगहून पाठवलं होतं, बू," दिता रडवेली झाली. "दोन दिवस मंद आचेवर आटवलेलं मटण. मी अजून चवही घेतली नव्हती."

"उंदीर असेल," कुणी म्हणालं.

"उंदीर खाऊन झाल्यावर झाकण लावतो का गं?"

"मोठा असेल उंदीर. चांगला गुबगुबीत."

दोघीतिघी खुसखुसल्या. सगळ्यांच्या नजरा कुठे वळल्या ते लारासला मान वर न करताही समजलं.

"मी नाही," ती म्हणाली. "माझं तर डाएट चालू आहे."

"हो, दिसतंय की!"

बू हार्ती हसल्या नाहीत. त्यांच्या घरात वेडंवाकडं काही खपत नसे. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरची एक मुलगी रात्री स्वतःशीच बोलते असा बोभाटा झाला. बूंनी मौलवींना बोलावलं, तिच्या अंगात काहीतरी शिरलंय असं ठरलं, आणि तिसऱ्या दिवशी ती गादीसकट गावी रवाना झाली. शिक्षण तिथेच संपलं.

"लारास, खरं सांग पोरी. कबूल केलंस तर बोभाटा करणार नाही. पण खोली मात्र सोडावी लागेल."

खोली गेली की वडील गावी, ब्लितारला परत नेणार, हे ठरलेलं होतं. सर तिला खोटारडी समजत होते, आता घरही समजणार.

"मी खाल्लं, बू."

लिना बोलली होती. भिंतीला टेकून, खाली बघत.

"तू?" दिता म्हणाली. "अगं काडी, तुझ्या पोटात कुठे गेलं एवढं?"

"रात्री भूक लागते मला."

"रेंदांगसुद्धा तूच?"

"सगळं मीच."

बू हार्तींनी फ्रिजचं दार लोटलं. "सकाळी सामान उचल."

खोलीत लिना कपड्यांच्या घड्या घालत होती. लारास तिच्याकडे पाठ करून बसली.

"महिनाभर या मला टोमणे मारत होत्या," ती शेवटी म्हणाली. "मी तुझ्यापाशी येऊन रडायचे. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवायचीस! लाज नाही वाटली?"

लिनाने बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला.

सकाळी फाटकापाशी भाड्याची मोटारसायकल येऊन उभी राहिली. बाकीच्या खोल्यांची दारं बंदच होती. लारासला जायचं नव्हतं, पण बॅग जड होती आणि लिनाला एकटीला उचलेना. दोघींनी ती अंगणातून बाहेर नेली.

"निदान मला तरी खरं सांगायचंस," लारास म्हणाली. "तुझ्याशिवाय कोण होतं गं मला इथे?"

लिना चालकाच्या मागे बसली, बॅग मांडीवर घेतली. मग लारासचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि चालकाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "आजपासून निजताना दाराला आतून कुलूप घाल आणि किल्ली अशी ठेव, की झोपेत तुझा हात पोचणार नाही, फ्रिजपासून हाताला धरून आणून, तोंड पुसून तुला परत निजवायला आता मी नाही."