नटावरचा पिवळा ठिपका

भाची सायकल हाताने ढकलत येताना दिसली आणि मामाच्या हातातला पाना हातातच राहिला. ही पोरगी सायकल ढकलणाऱ्यातली नव्हती. चढ असो, ऊन असो, ती आपली पायडलवर उभी. आज चेन हँडलला गुंडाळलेली, दोन्ही हात काळे आणि चेहरा पांढराफटक.

"लागलं का गं कुठे?" सायकल दुरुस्तीच्या आपल्या दुकानाची पायरी मामाने उडी मारूनच ओलांडली.

"नाही. कवळ्याही शाबूत आहेत." दातांच्या लॅबमधून दंतवैद्यांकडे कवळ्या पोहोचवायचं तिचं काम होतं. पाठीवरच्या पेटीत आज सात जणांचे दात होते.

तिने सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसकण मारली. मामाने पाणी आणून दिलं.

"टाकीचा उतार," ती म्हणाली. "मधोमध चेन पडली. पाय नुसतेच गरगर. खाली एक ट्रक रस्त्यात आडवा, रिव्हर्स घेत होता. पुढचा ब्रेक दाबला, तर मागचं चाक उचललं गेलं. मग डाव्या हाताने तुझा तो... तुझा तो कंगवा दाबला."

कंगवा म्हणजे मागचा ब्रेक. आठवडाभर घरात त्यावरून वाजत होतं. तिच्या सायकलला फ्रीव्हील नाही. चाक फिरलं की पायडल फिरणारच, आणि पाय आवरले की चाकही आवरतं. तेव्हा मागचा ब्रेक माझ्या पायातच आहे, वेगळा हवा कशाला, टकल्याला कंगवा, असं तिचं म्हणणं. मामाचं म्हणणं असं की पाय आणि चाक यांच्यामध्ये चेन असते, आणि चेनीचा भरवसा त्याने तीस वर्षांत धरलेला नाही. शेवटी काल संध्याकाळी ती आंघोळीला गेल्याचं बघून त्याने गुपचूप ब्रेक बसवून टाकला. सकाळी ती फणफणतच निघाली होती. "मामा असून मलाच मामा बनवतोस? आल्या आल्या काढून टाकते की नाही बघ."

"हातभर अंतरावर थांबले," ती आता सांगत होती. "ट्रकवाल्याला पत्ताही नाही. मामा, तू तो बसवला नसतास ना..." पुढचं तिने पाण्याबरोबर गिळलं. "थँक यू. अगदी मनापासून."

मामाचे डोळे भरून आले. पोरगी धडधाकट समोर बसली होती, आणखी काय पाहिजे माणसाला? डोळे पुसलेले दिसू नयेत म्हणून तो सायकलपाशी जाऊन उकिडवा बसला, आणि बसल्या जागी त्याला घाम फुटला.

मागचं चाक बोटभर पुढे सरकलं होतं. चेनकडच्या नटावर ठिपका नव्हता.

या दुकानाची एक शिस्त होती. नट पान्याने आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. ठिपका नाही तर सायकल दुकानाबाहेर नाही, मग गिऱ्हाईक कितीही उड्या मारो. काल ब्रेक बसवायला मामाने चाक काढलं होतं. परत घालताना एका बाजूचा नट आवळून ठिपका दिला. चेनकडचा नुसता बोटांनी फिरवला, तोच वर बाथरूमची कडी वाजली. चोरासारखा पाना खिशात घालून तो उठला, आणि नट तसाच राहिला.

गप्प बसायला काय जात होतं? चेन काय, कशानेही पडते. आणि आभार तर आयतेच पदरात पडले होते.

"हे आभार मला पचायचे नाहीत," मामा पाठमोराच म्हणाला. "चेन आपोआप नाही पडली, बाळा. काल घाईत हा नट माझ्याकडून आवळायचा राहिला, म्हणून चाक सरकलं आणि चेन सैल झाली. मीच तुला त्या उतारावर लोटलं."

वळून बघायचा त्याला धीर होईना.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तिथेच पाहिलं. उजवीकडे ठिपका नव्हता."

"मग आभार कसले मानतेस, बये?"

"निम्म्या वाटेपर्यंत तुला शिव्याच घालत आले. येत होत्या तेवढ्या संपल्या." ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली. "मग बघते तर माझा डावा हात अजून त्या ब्रेकवरच. सोडवेना. नटाचं भांडण मी करणार आहे, सोडते की काय तुला! पण भांडायला मी शिल्लक राहिले ना, ती या ब्रेकमुळे. आणि ठिपका न बघताच निघाले, ते माझं चुकलं."

हसावं की रडावं ते मामाला कळेना. त्याने दोन्ही थोडं थोडं केलं. मग चेन चढवली, चाक मागे ओढून ताणली आणि नट आवळला, पान्याने, दोनदा. रंगाची डबी उघडून ठिपका दिला. झाकण लावायला गेला तर तिने मनगट धरलं.

"थांब. एक राहिला."

ब्रेकच्या नटावर ठिपका नव्हता. तो नट काल नीट आवळलेला होता, आणि ठिपका काही मामा विसरला नव्हता. ही एक दिवसही ब्रेक ठेवायची नाही, असं धरूनच त्याने तो दिला नव्हता.

भाचीने त्याच्या हातून ब्रश घेतला, जीभ दातांत धरून वाकली आणि ठिपका दिला. जरा मोठाच पडला.