भाऊरावांचं घर

सहदेवने दुसरा ठोसा मारला आणि सुशांतचा पुढचा दात तुटून फरशीवर पडला. त्यांची बहीण किरण मध्ये घुसली तेव्हा तिसरा ठोसा तिच्या खांद्यावर बसला. कॉटवरचे भाऊराव, तिघांचे वडील, भिंतीकडे तोंड करून रडत होते.

भांडण घराचं होतं. विक्रोळीच्या कॉलनीतली ती खोली भाऊरावांनी कारखान्यात राबून घेतली होती. आता जुनी इमारत पाडून तिथे टॉवर होणार होता आणि खोलीच्या बदल्यात मोठा फ्लॅट मिळणार होता. सहदेव म्हणायचा, बाबांनी मृत्युपत्रात घर मला दिलंय, स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. सुशांत म्हणायचा, दादा खोटारडा आहे, घर माझं आहे. दोघांनी वकील गाठले. धाकटा म्हाताऱ्यावर दबाव आणतोय, असा दावा सहदेवने कोर्टात लावला. सुशांतने तोच आरोप उलटा त्याच्यावर केला. भाऊरावांना विचारलं की त्यांचे डोळे भरून यायचे. मी गेल्यावर काय ते कळेल, एवढंच ते म्हणायचे.

आई गेल्यावर बरेच महिने त्या घराकडे कुणी फिरकलं नव्हतं. सहदेवला स्कूलबसच्या फेऱ्या, सुशांतला एसी दुरुस्तीची कामं. किरण तर घाटकोपरला राहूनही सणापुरती यायची. भाऊराव खानावळीचा डबा खात एकटेच पडलेले असायचे. मग टॉवरचं ठरलं आणि घर गजबजलं. सहदेव गरम जेवण घेऊन येऊ लागला, सुशांत सकाळी त्यांना आंघोळ घालू लागला. म्हाताऱ्याने नशीब काढलं, असं शेजारी म्हणायचे.

किरणला दोघा भावांची कीव यायची. खरं काय ते तिला ठाऊक होतं. एका दुपारी ती भाऊरावांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती, तेव्हा ते दाराकडे बघून गावच्या मालवणीत हळूच म्हणाले होते, "ह्यां घर तुज्या नावार केलंय, चेडवा. त्या दोघांक कळाक नको. माका जित्तो ठेवूचे नाय."

तेव्हापासून ती रोज येत होती. सख्खे भाऊ इतकं धडधडीत खोटं बोलतात याचं तिला नवल वाटायचं. थोडं बरंही वाटायचं.

दात पडला त्या आठवड्यात सुशांत तिच्या घरी आला. ओठ अजून सुजलेलाच होता. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ताई, तुझ्यापासून बाबा काही लपवत नाहीत. घर माझं नाही असं त्यांनी तुला सांगितलं असेल तर सांग. आईशपथ, मी उद्या केस मागे घेतो."

एक शब्द पुरला असता. पण आज सुशांतला कळलं तर उद्या सहदेवला कळणार, मग दोघं मिळून बाबांना मृत्युपत्र बदलायला लावणार, एवढं सगळं तिच्या डोक्यातून झरकन गेलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

पुढच्या रविवारी सहदेव बॅगा घेऊन खोलीत राहायलाच आला. आल्या आल्या त्याने दाराचं कुलूप बदललं. किरण ओट्यापाशी बांगडे तळत होती. भाऊराव कॉटवर ताट मांडून बसले होते. दारावर लाथ बसली आणि सुशांत आत आला. त्याच्या हातात कामावरचा मोठा पाना होता.

"निघ," तो म्हणाला.

सहदेव हसला. किल्ली खिशात टाकत म्हणाला, "बाबांना विचार ना, कुणी निघायचं ते."

घर माझं आहे, हे वाक्य किरणच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. दोघांची थोडी हाणामारी होईल, पुन्हा पोलीस येतील, पुन्हा समज देऊन सोडतील, असं तिला वाटलं.

पाना सहदेवच्या कानाच्या वर बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. तो कॉटला धडकून खाली पडला तरी सुशांत थांबला नाही. दात पडला त्याचं, कुलुपाचं, लहानपणापासून खाल्लेल्या माराचं, सगळं तो बोलत होता आणि मारत होता. रक्त कॉटखाली वाहत गेलं. भाऊरावांनी पाय वर घेतले. शेजारी धावून आले तेव्हा किरण हातात झारा धरून तशीच उभी होती आणि कढईतला बांगडा जळून कोळसा झाला होता.

सहदेव शुद्धीवर न येताच गेला. सुशांत तुरुंगात गेला.

किरण आता वडिलांकडेच राहू लागली. रात्री तिला झोप लागायची नाही. मी बोलले असते तर, इथेच तिचं मन अडकायचं. भाऊरावांना मात्र तिने काही जाणवू दिलं नाही. म्हाताऱ्याने दोन्ही मुलगे गमावले होते.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी प्रांजल आली. सहदेवची बायको. एरवी ती या घरात पाऊल टाकत नसे. कपाळ मोकळं, हातात डबा. तिने सासऱ्यांना पेज भरवली, त्यांचे कपडे धुतले, चादर बदलली. मग ती रोज येऊ लागली. नवरा ज्या फरशीवर पडला ती फरशी स्वतः पुसायची. ते बघून किरणला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी एका सकाळी तिने ठरवलं, हिला सगळं खरं सांगायचं आणि अर्धं घर हिच्या मुलाला द्यायचं.

तिने प्रांजलच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "वहिनी, तू नको करूस हे सगळं. मी आहे ना बाबांचं करायला."

प्रांजलने मान खाली घातली.

"मलाच करायला हवं गं," ती हळू आवाजात म्हणाली. "तेराव्याच्या दिवशी बाबांनी मला जवळ बसवून सांगितलं, त्यांनी घर माझ्या नावावर केलंय. तुला कळू देऊ नको म्हणालेत."