पंख्यापर्यंत पाणी

“पायाचा अंगठासुद्धा भिजला नाही,” सून म्हणाली आणि पुसलेला उंबरा पुन्हा पुसायला लागली.

मोजणीवाल्या बाईंनी हातातली उंच लाल-पांढरी काठी भिंतीला टेकवली आणि क्षणभर डोळे मिटले. पालिका नदीकाठचा नकाशा करत होती. मागच्या मोठ्या पुरात कुणाच्या घरात पाणी किती चढलं ते दारोदार विचारायचं, काठीवर मोजायचं आणि त्यावरून नकाशात एक निळी रेघ ओढायची. रेघेच्या आत जे घर येईल त्याला पुढे एक वीटही वाढवता येणार नव्हती. ही बातमी बाईंच्या आधी गल्लीत पोचली होती. त्यामुळे सकाळपासून बाईंना जे कळलं ते असं, की महापूर आला तेव्हा नदी या गल्लीतून चपला हातात घेऊन, कडेकडेने, कुणाची झोपमोड न करता निघून गेली. भिंतींवरच्या जुन्या खुणा बघाव्यात, तर प्रत्येक भिंतीला नवा रंग. एका घरातला रंग इतका ओला, की काठीचे पांढरे पट्टे हिरवे होऊन बाहेर आले.

“नक्की कोरडं ना?” बाईंनी काठी पुसत विचारलं.

अगदी कोरडं, सून म्हणाली. तिला कोरडं असणं भागच होतं. लेकाचं लग्न ठरलं होतं आणि परसात, नदीच्या बाजूला, खुंट्या ठोकून नि दोरी ताणून नव्या जोडप्याची खोली आखून झाली होती.

कोपऱ्यात सासरे वाटाणे सोलत होते. सुनेने सकाळीच शेंगांची अख्खी पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवून बजावलं होतं, की बाई जाईपर्यंत पिशवी संपता कामा नये आणि तोंड उघडता कामा नये. कारण चौकातल्या बाकावर बसून सासरे वर्षानुवर्षं त्या पुराची जी गोष्ट सांगत आले होते, ती ऐकून परगावची माणसं घरी जाऊन पोहायला शिकली होती. आज ते खरंच गप्प होते. गप्प राहून राहून त्यांचे कान लाल झाले होते.

घोटाळा केला शेजारच्या शिंप्याने. त्याचं घर चढावर, रेघेच्या पार बाहेर, तेव्हा त्याला काहीही बोलायची मुभा होती. गंमत बघायला तो दाराला टेकून उभा होता. सहज म्हणावं तसं म्हणाला, “आमच्याकडे मात्र गळ्यापर्यंत आलं होतं हो, बाई.”

सासऱ्यांच्या हातातली शेंग थांबली.

“तुझ्याकडे गळ्यापर्यंत?”

“बाबा, वाटाणे,” सून म्हणाली.

“अरे, तू वर, आम्ही खाली. तुझ्या गळ्यापर्यंत आलेलं पाणी आमच्या दारात काय परवानगी मागत उभं राहिलं?”

आणि बांध फुटला. पाणी पंख्यापर्यंत होतं, सासरे म्हणाले. स्वतः ते पंख्याच्या पात्यावर बसले होते, आणि धारेला ओढ अशी, की पंखा आपोआप फिरत होता. मध्येच एक म्हैस खिडकीतून आत आली, तिने घर हिंडून बघितलं, पसंत पडलं नाही, मागच्या दाराने निघून गेली.

अख्ख्या गल्लीत एक तरी माणूस भिजलेला सापडला, म्हणून बाईंनी निमूटपणे काठी वर केली. “इथे?”

“आणखी वर.”

बाईंनी काठीचा आतला तुकडा ओढून ती लांब केली.

“आणखी वर.”

“काठी संपली, आजोबा.”

“मग स्टूल घ्या. तुमची काठी पुरत नाही म्हणून पूर लहान होतो का?”

बाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या, की समोरच्या घरात शून्य, इथे छत, आणि पाणी निदान सपाट तरी असतं असं त्यांना शाळेत शिकवलं होतं.

सुनेने हातातलं फडकं बादलीत आपटलं.

“कुठला पंखा? पंखा पुरानंतर घेतला. आणि तुम्ही त्या दिवशी होता लेकीकडे, जावयाच्या घरी, कोरडेठाक. हे शिंपीभाऊ बाहेर रस्त्यावर घोट्याएवढं पाणी बघून शिलाई मशीन टेबलावर चढवत होते. किती वर्षं ऐकायचं मी हे? इथे मी होते. एकटी. छातीपर्यंत पाणी, आणि पोरगं खांद्यावर. उजाडेपर्यंत.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

शिंप्याला एकाएकी कुणाचातरी ब्लाउज बेतायचा राहिल्याचं आठवलं. तो गेला. बाईंनी काही लिहिलं नाही. काठीचा वरचा तुकडा सावकाश आत सरकवत त्यांनी विचारलं, “अंगठाही सांगितलात, छातीही सांगितलीत. मी कुठलं लिहू?”

सून मागच्या दारातून परसाकडे बघत राहिली. दोरी सैल पडली होती म्हणून लेकाने सकाळीच ती पुन्हा ताणून बांधली होती. खोली लहानच होती. खिडकी नदीकडे काढायची, गार वारा येतो, असं त्याचं चाललं होतं.

“आणखी वर” म्हणायला सासऱ्यांनी तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं आणि तोंडात एक वाटाणा टाकला.

टाचा दुखतात म्हणून सून घरातही जाड तळाच्या चपला घालायची. त्या तिने काढल्या, पायाने बाजूला सरकवल्या आणि काठीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

“त्या दिवशी पायात काही नव्हतं,” ती म्हणाली.