बोलणारा नवरा

घरी ज्याच्या तोंडून 'हं'च्या पुढे शब्द फुटत नाही, तो तिचा नवरा समुपदेशक बाईंसमोर घडाघडा बोलत होता आणि ती शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होती.

त्याला इथवर आणायला तिनं जंग जंग पछाडलं होतं. समजावून झालं, रुसून झालं. अबोलाही धरून पाहिला, तर तो त्याच्या लक्षातच आला नाही. शेवटी नणंदेनं भावाला दम भरला, तेव्हा कुठे चष्म्याचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो आला. हा तोंडात गुळणी धरून बसणार आणि सगळं आपल्यालाच बोलावं लागणार, असं धरून तिनं पडदे शिवता शिवता एकेक तक्रार मनात घोळवून ठेवली होती.

आणि हा बोलत होता. दुकानातली गिऱ्हाइकं, घरातली शांतता, जेवताना दोघांचं टीव्हीकडे बघत बसणं. बाई मान डोलवत होत्या.

"किती मोकळेपणानं बोलता हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. कसली निघेल, कुणालाच माहीत नव्हतं. मी शुद्धीवर आले तर उशाशी नणंद. हे उगवले संध्याकाळी. विचारलं, तर म्हणे दुकानात गर्दी होती."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो बाईंकडेच बघत म्हणाला, "त्या दिवशी मी दुकान उघडलंच नव्हतं."

ती गर्रकन वळली.

"हॉस्पिटलच्या समोर औषधांचं दुकान आहे. तिथं बसलो होतो. हिला आत नेलं आणि मला तिथं थांबवेना, बाहेर पडलो. रस्ता ओलांडायचा म्हणून उठायचो आणि परत बसायचो. गाठ साधी निघाली असं बहिणीनं फोनवर सांगितलं, तेव्हा तिथंच रडलो, गिऱ्हाइकांच्या देखत. मग तोंड धुऊन वर गेलो."

बाईंनी टिश्यूचा डबा सरकवला. त्याच्यापुढे.

"दोन वर्षं मी हे उरावर घेऊन फिरतेय," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते यांना सांगताय? ओळख ना पाळख, आल्या आल्या?"

"तुला सांगितलं असतं तर तू मलाच धीर देत बसली असतीस. टाके तुझ्या पोटाला होते."

खरं होतं ते. दिला असता तिनं धीर, टाक्यांवर हात दाबून धरून दिला असता. खरं होतं म्हणूनच ती जास्त चिडली.

"आणि टाके निघाल्यावर?"

"तोवर गर्दी होती असं बोलून बसलो होतो."

बाईंनी हळूच घड्याळाकडे पाहिलं. "आपण अगदी महत्त्वाच्या जागी आलोय. पुढच्या आठवड्यात इथूनच सुरू करू."

"पुढच्या आठवड्यापर्यंत यांची दातखीळ बसलेली असेल हो, बाई."

"मग घरी बोला ना. थोडं थोडं."

"घरी," ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

तो मागोमाग आला. जिन्याशी पोचेपर्यंत त्याचा चेहरा नेहमीसारखा मिटून गेला होता. "निघू या? दुकान उघडायला हवं."

ती तिथंच पायरीवर बसली.

"बसा."

"इथं? लोक येतात-जातात."

"गिऱ्हाइकांच्या देखत रडताना चाललं ना? बसा."

तो बसला. समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. तिला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या, आणि तोंडून निघालं भलतंच.

"दिवसभर तिथं बसलात, तर पोटात काही घातलं होतंत का?"

"बघ," तो म्हणाला. "सुरू झालीस."

तिनं कपाळाला हात लावला. स्वतःचाही राग आला. मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि ठरवलं, आता आपण काही म्हणून बोलायचं नाही. तो बोलेपर्यंत नाही, भले संध्याकाळ होवो.

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं.

"तुला आत नेताना तू मागे वळून पाहिलंस," तो भिंतीला म्हणाला. मग मान वळवून तिच्याकडे बघत म्हणाला, "मी खांबाआड झालो. मुद्दाम झालो. तू मला शोधत होतीस, ते मला दिसत होतं."

ती त्याच्याकडे पुरती वळून बसली.

खालून एक गृहस्थ धापा टाकत वर आले. या दोघांना पायरीवर बसलेलं बघून थबकले. "बाईंकडे नंबर लावून बसलाय का तुम्ही?"

"नाही," ती म्हणाली. नवऱ्यावरची नजर तिनं काढली नाही. "तुम्ही व्हा पुढे. आमचं चालू आहे."