घरच्यांनी ठरवलेलं ध्येय

गोदाक्कांच्या आतड्याची सूज बघून डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पोटात औषधाचा पंप बसवला आणि कायद्याप्रमाणे घरच्या माणसाला विचारलं, "ध्येय काय ठेवायचं?" दुखणाऱ्याला कोणी विचारत नसे, तो फार मागतो. ध्येय गाठलेलं असलं की पंप औषध सोडत नसे.

घरचं माणूस म्हणजे सून शालन. याच रोगासाठी, याच खोलीत, शालनचं ध्येय गोदाक्कांनीच सांगितलं होतं, "घरादाराच्या भाकरी थापून झाल्या म्हणजे पुरे. राणीसारखं लोळायला नको."

तेव्हापासून शालन शेगडीपाशी ठणठणीत असे. शेवटची भाकरी उतरली की पोट धरून मोरीकडे पळे. स्वतःचे दोन घास तिच्या अंगी कधी लागले नाहीत.

"नीट सांग गं, बाळा," गोदाक्का म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'बाळा' पहिल्यांदाच निघालं.

"तुमचं वाईट कशाला चिंतीन, आत्याबाई?" शालन ध्येय नोंदवणाऱ्या यंत्राकडे वळली. "यांचं कण्हणं कुणाच्या कानावर पडू नये. एवढंच."

डॉक्टरीणबाईंना सून गुणाची वाटली.

घरी पहिली कळ आली, तेव्हा गोदाक्कांनी पदर दातांत धरला. कण्हणं ऐकू आल्याशिवाय पंप औषध सोडणार नव्हता. पण सुनेसमोर कण्हायचं? जीव गेला तरी नाही.

"बरं वाटतंय ना, आत्याबाई?" भाकरी थापता थापता शालननं विचारलं.

"झकास," गोदाक्का म्हणाल्या.